कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि तीन काटे

कुर्ला पश्चिमेकडून कलिन्याकडे जाणाऱ्या रस्त्याला सगळे सीएसटी रोड म्हणतात. नव्या माणसाला वाटते, हा रस्ता बोरीबंदरच्या मोठ्या स्टेशनाकडे जात असावा. त्या स्टेशनाशी त्याचा काही संबंध नाही. हे सीएसटी म्हणजे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. १९२८ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीपर्यंत तेरा किलोमीटरची एक लाइन टाकली होती. १९३४ मध्ये ती बंदही झाली. रूळ गेले, गाड्या गेल्या, तीन अक्षरे तेवढी रस्त्याला चिकटून राहिली. शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांना अशी नावे सापडली की बरे वाटते. आम्ही दोघेही शिक्षक, त्यामुळे रिक्षात बसल्या बसल्या आम्ही ही माहिती रिक्षावाल्याला दिली. तो म्हणाला, "सर, ट्राम छोडो, मेट्रो कब चलेगी वो बताओ."

आज हा रस्ता मोटारींच्या सुट्या भागांचा आहे. दुतर्फा दुकाने, दुकानांपुढे फुटपाथ, आणि फुटपाथवर दुकानांतून बाहेर आलेला माल. एका ठिकाणी नुसते दरवाजे उभे करून ठेवलेले, पुस्तकांच्या कपाटासारखे. पुढे हेडलाइटांची रास, त्यापुढे स्टिअरिंग व्हील दोरीला ओवून टांगलेली. एक माणूस फक्त आरसे विकतो. तुमच्या गाडीचा डावा आरसा फुटला असेल तर तो तुमच्याकडे न बघता हात मागे नेतो आणि नेमका तोच आरसा काढतो. हवेत ग्रीस, जळके रबर आणि कुठल्यातरी भट्टीतल्या ताज्या पावाचा वास एकत्र. मिठी नदी जवळून वाहते, तिचाही वास असतोच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तेव्हा याच मिठीने कुर्ला आणि कलिना बुडवले होते. इथले जुने दुकानदार अजूनही जुना इलेक्ट्रिकचा माल हातात घेतला की आधी वास घेतात. पाणी पिऊन आलेला माल नाकाला कळतो, असे ते सांगतात.

कुर्ल्याचे आणि मोटारीचे नाते मात्र या बाजारापेक्षा जुने आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्यात उभा राहिला. फिआट इथेच बनत असे. पुढे तिचीच पद्मिनी झाली, आणि पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. कोकणातल्या आमच्या पिढीतल्या अनेकांनी मुंबई पहिल्यांदा पाहिली ती पद्मिनीच्या मागच्या काचेतून, मामूंच्या किंवा चाचांच्या मांडीवर बसून.

आमची गाडी पद्मिनी नाही. मारुती ८०० आहे, १९९७ ची. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली. पहिली मारुती ग्राहकाच्या हाती गेली १४ डिसेंबर १९८३ ला, आणि २०१४ मध्ये ८०० बनणे थांबले. त्या तीस वर्षांत या देशातल्या कितीतरी घरांची ही पहिली गाडी होती, आमच्याही. अब्बांनी ती आखातातून कायमचे परत आल्यावर घेतली. पंधरा वर्षांनंतर आणि मग दर पाच वर्षांनी तिची फेरनोंदणी झाली. हरित कर भरला. दर वेळी कोणीतरी म्हणालेच, "सर, आता नवी घ्या." नवी घ्यायची तर कर्ज काढावे लागते, आणि व्याजाच्या कर्जाला अब्बा या घरात जागा देत नाहीत. थोरल्याचे इंजिनिअरिंग आणि धाकटीचे नर्सिंग चालू असताना रोख पैसे साठवून गाडी घेणे आमच्या दोन पगारांत बसत नव्हते. तेव्हा हीच गाडी, आणि तिच्याच भरवशावर एक मोठी जबाबदारी.

ती जबाबदारी अशी. अम्मींचे गेली काही वर्षे डायलिसिस चालू आहे, मंगळवारी आणि शनिवारी, चिपळूणला. आमचे गाव खेड तालुक्यात. पहाटे निघायचे, भरणे नाका, मग भोस्ते घाट चढून लोटे, तिथून परशुराम घाट उतरून चिपळूण. अंतर फार नाही, पण मधे दोन घाट. यंत्रावर चार तास. एक पाळी चुकली की दुसऱ्या रात्री अम्मींना आडवे झोपता येत नाही. अंगात पाणी साठते, श्वास लागतो, उशा रचून बसून रात्र काढावी लागते. एसटीने नेऊन पाहिले होते. जाताना जमते, परत येताना रक्तदाब उतरलेला असतो आणि स्टँडवर उभे राहण्याचे बळ नसते. मंगळवारी आमच्यापैकी एकजण रजा टाकतो किंवा तास बदलून घेतो, शनिवारी सकाळची शाळा असल्यामुळे पुतण्या मदतीला येतो. हे वेळापत्रक ज्या घरांत असेल त्यांना अधिक सांगायला नको.

२०२२ च्या उन्हाळ्यात चौपदरीकरणाच्या कामासाठी परशुराम घाट दुपारी बारा ते पाच बंद ठेवत. त्यामुळे बाराच्या आत घाट पार करायला चिपळूणच्या बाजूने वाहनांची झुंबड उडायची. मेच्या सुट्टीतला शनिवार होता. साडेअकराला आम्ही अम्मींना घेऊन निघालो. रांग मुंगीच्या पावलाने चढत होती. पहिला गिअर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला गिअर. डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा मधोमध, अगदी शहाण्या मुलासारखा. आणि त्या शहाण्या काट्यासमोर बॉनेटमधून वाफ निघाली.

लोक भले असतात. मागच्या ट्रकचा चालक आणि रस्त्याच्या कामावरची दोन पोरे यांनी गाडी ढकलून कडेला, झाडाच्या सावलीत घेतली. जो येईल तो पाण्याची बाटली पुढे करी, आणि नेमके अम्मींना पाणी मोजून प्यायचे असते. त्या सगळ्यांना हाताने नको म्हणत होत्या. "मला नको, हिला द्या," त्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाल्या. दोन तासांनी ओळखीच्या एका टेम्पोने आम्हाला घरी आणले. गाडी दोरीने ओढून आली. हेड गास्केट गेले होते. हेड खोलून घासून बसवावे लागले.

पण आमचा प्रश्न खर्चाचा नव्हता. काटा मधोमध असताना इंजिन उकळले कसे? आमचे खेडचे मिस्त्री आठवीपर्यंत शिकलेले, पण त्यांनी जे समजावले ते आम्ही नंतर नववीच्या विज्ञानाच्या तासाला तसेच्या तसे सांगितले. इंजिनातल्या पाण्याचे तापमान मोजणारा छोटा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे बोलतो. आमचा खालचा होज पाइप क्लिपपाशी चिरला होता. पाणी थेंबाथेंबाने गेले, पातळी सेन्सरच्या खाली उतरली, आणि तो नुसत्या हवेचे तापमान सांगत राहिला. रेडिएटरचा पंखा सुरू करणारा स्विचही असाच पाण्यावर अवलंबून, तोही कोरडा पडला, म्हणून पंखा फिरलाच नाही. शिवाय कंपनीच्या काट्यावर आकडे नसतात. एका टोकाला सी, दुसऱ्या टोकाला एच, मधे नशीब. ऑइलच्या दाबाचा तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. तो लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

अब्बा ऐकत होते. कुवेतमध्ये त्यांनी बारा वर्षे पाण्याचे टँकर चालवले. त्या ट्रकांच्या डॅशबोर्डावर गोल डायलांची रांग असे आणि प्रत्येकावर आकडे. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा शिरल्या, तेव्हा तेही हजारो हिंदुस्थानी लोकांसारखे बसमधून बगदादमार्गे अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या प्रवासाविषयी ते फार बोलत नाहीत. एवढेच सांगतात की बसचा पॅलेस्टिनी चालक रस्त्याकडे कमी आणि तापमानाच्या काट्याकडे जास्त बघत होता, काटा चढला की वाळवंटात बस उभी करून सगळ्यांना उतरवायचा, आणि म्हणून ती बस पोहोचली. त्यांच्याबरोबर निघालेल्या दोन बस वाटेत पडून राहिल्या.

"आकडेवाले मीटर बसवा," अब्बा म्हणाले. "तीन. पाणी, ऑइल, बॅटरी. त्याशिवाय तुमच्या अम्मीला मी या गाडीत बसू देणार नाही."

खेडला आणि चिपळूणला विचारले. चौकशी करणारे आम्हीच पहिले, असा चेहरा दुकानदारांनी केला. म्हणून रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडली. केशवसुतांच्या कवितेचे नाव मिळालेली ही बहुधा एकच गाडी, आणि झोप मात्र कोणालाच लागू देत नाही. पहाटे दादर, मग धिम्या लोकलने माटुंगा, शीव, कुर्ला. अब्बांना घरी थांबा म्हणून विनवले होते. त्यांनी ऐकले नाही. बाजार दहा-अकराशिवाय उघडत नाही, तोवर स्टेशनबाहेर खिमा-पाव आणि चहा. अब्बांचे दात आता पूर्वीसारखे नाहीत, पण कुर्ल्याच्या पावाला त्यांनी माफ केले.

मुंबईत जुन्या मोटारींचे सामान म्हटले की अनेकांना चोरबाजार आठवतो, भेंडीबाजाराजवळची मटण स्ट्रीट. तिथे जुन्या इंग्रजी गाड्यांचे काळ्या तबकडीचे सुंदर मीटर मिळतात, स्मिथ्सचे वगैरे. पण ते हौसेचे काम आहे. दिवाणखान्यात ठेवावेत असे मीटर, आणि किंमतही दिवाणखान्याची. आम्हाला घाट चढायचा होता.

सीएसटी रोडवर पहिल्याच मोठ्या दुकानात एका तरुणाने आमच्यापुढे तीन मीटरांचा जुना संच ठेवला. जर्मन बनावटीचे, काचा स्वच्छ, काटे ताठ. किंमत सांगितली ती नव्याच्या तिसऱ्या हिश्शाची. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मनात हिशोब झालासुद्धा, की उरलेल्या पैशांत नवा रेडिएटर होज आणि परतीचे तिकीट. अब्बांनी चष्मा पुसला आणि संच उलटा केला. मागून निघालेल्या वायरी दोन बोटांवर कापलेल्या होत्या. सगळ्या एका ठिकाणी, एका फटक्यात.

"बेटा, ये किस गाडी का है?"

"चाचा, स्क्रॅप का माल है."

"स्क्रॅपवाला स्क्रू खोलता है. तार नहीं काटता. उसको जल्दी नहीं रहती."

तरुण हसला. रागावला नाही. "बिल नहीं मिलेगा चाचा, वो बात आपकी सही है." एवढे बोलून त्याने संच परत फडताळावर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्यावर आळ घ्यायचा नाही. वायरी अपघातातल्या गाडीच्याही असू शकतात, घाईत तोडणाऱ्या हमालाच्याही. या रस्त्यावर प्रामाणिक दुकानदारच जास्त आहेत, त्यातले कितीतरी आजमगढ-प्रतापगढहून आलेले, तीन पिढ्या याच धंद्यात. पण ज्या वस्तूचा मालक कोण हे विकणाराही सांगू शकत नाही, ती घेऊन अम्मींना इस्पितळात न्यायचे, हे अब्बांना पटण्यासारखे नव्हते. बाहेर येऊन ते फक्त एवढेच म्हणाले, "जिसका गया होगा, वो भी किसी को अस्पताल ले जाता होगा." आमच्यापैकी एकाला अजूनही वाटते की ते मीटर उत्तम होते. दुसऱ्याला वाटत नाही. घरात यावर चर्चा होते.

पुढे चार दुकाने सोडून नव्या मालाचे एक चिंचोळे दुकान मिळाले. काउंटरवर पन्नाशीचे गृहस्थ, कानाला पेन्सिल. त्यांनी आधी विकले काहीच नाही, विचारले खूप. गाडी कुठली, कार्बोरेटर की इंजेक्शन, घाट किती, बसवणार कोण. मग त्यांनी जे सांगितले ते ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीटर दोन जातींचे. एक विजेवर चालणारे, दुसरे बिनविजेचे. बिनविजेच्या तापमान-मीटरला एक तांब्याची केसासारखी बारीक नळी असते, तिच्या टोकाला पितळी कांडी. कांडीत लगेच वाफ होणारा द्रव भरलेला. पाणी तापले की आतला दाब वाढतो, तो नळीतून मीटरपर्यंत येतो आणि आत एक वाकवलेली चपटी नळी सरळ होऊ पाहते. तिच्या हालचालीने काटा फिरतो. ही वाकडी नळी फ्रान्सच्या युजेन बुर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट केली. डॉक्टरांच्या काटेवाल्या रक्तदाब-यंत्रात आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरवरच्या मीटरातही याच कल्पनेची भावंडे आहेत. फायदा असा की बॅटरी मेली, वायर तुटली, तरी हा काटा बोलतो. तोटा असा की नळी जास्त लांब निघाली तरी कापायची नाही. कापली की द्रव गेला, मीटर गेले. उरलेली नळी मोठे वेटोळे करून बांधून ठेवायची.

पाण्यासाठी त्यांनी बिनविजेचा सुचवला, ऑइलसाठी मात्र विजेचा. कारण बिनविजेच्या ऑइल-मीटरला गरम तेल बारीक नळीतून थेट केबिनमध्ये आणावे लागते. नळी सुटली तर ते चालवणाऱ्याच्या पायावर. "अम्मीजान आगे बैठती हैं ना? तो मत लो," ते म्हणाले. आम्ही हो म्हणालो नव्हतो, त्यांनी ओळखले.

तिसरा प्रश्न बॅटरीचा. अब्बांना अँपिअरचे मीटर हवे होते, त्यांच्या टँकरवर तसेच होते. दुकानदारांनी मान हलवली. अँपिअर-मीटरसाठी गाडीचा जवळजवळ सगळा करंट जाड वायरने डॅशबोर्डात आणून परत न्यावा लागतो. ती वायर कुठे घासली तर आग. त्यापेक्षा व्होल्टमीटर घ्यावे. त्याला बारीक वायर, एक छोटा फ्यूज आणि चावी फिरवल्यावरच सुरू होणारी जोडणी पुरते. इंजिन बंद असताना साडेबाराच्या आसपास आणि चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की समजावे, बॅटरी आणि आल्टरनेटर दोघे ठीक. अब्बांनी दोन मिनिटे विचार केला आणि म्हणाले, "हा माणूस शिकलेला आहे." त्यांच्या तोंडी ही मोठी पदवी आहे. आमच्या बीएडला ती अजून मिळालेली नाही.

आणि मग आट्यांची गोष्ट. ऑइल-मीटरचा सेन्सर इंजिनात आटे फिरवून बसतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सेन्सरांचे आटे अमेरिकन मापाचे, इंचाला सत्तावीस. जपानी घराण्याच्या इंजिनांत बहुधा ब्रिटिश मापाचे, इंचाला अठ्ठावीस. फरक एका आट्याचा. सुरुवातीला दोन-तीन फेरे गोडीत जातो, मग अडकतो. जोर लावला की इंजिनातले आटे फाटतात आणि गरम ऑइल झिरपू लागते. त्यासाठी त्यांनी योग्य मापाचा पितळी टी-जोड दिला, म्हणजे एका बाजूला नवा सेन्सर आणि दुसऱ्या बाजूला कंपनीचा लाल दिव्याचा जुना स्विच, दोघेही जागेवर. "पुराने को निकालना नहीं. नया बोलेगा, पुराना भी बोलेगा. दो गवाह अच्छे." त्यांनी पक्के बिल दिले, वॉरंटीच्या कागदावर शिक्का मारला, घासाघीस फारशी करू दिली नाही आणि आतून चहा मागवला. समोरच्या गल्लीतल्या मशिदीत अब्बांनी जोहरची नमाज पढली. आम्ही तोवर दुकानाच्या पायरीवर बसून एका पोराला आरशांचे ढीग लावताना पाहत होतो. प्रत्येक आरशात एक वेगळा कुर्ला.

बसवण्याचे काम खेडला, मिस्त्रींच्या अंगणात, दीड दिवस चालले. दिसायला सोपे, पण वेळ जातो तो बारीकसारीक गोष्टींत. बावन्न मिलिमीटरची तीन वर्तुळे डॅशबोर्डाखाली एका पट्टीत, स्टिअरिंगच्या डावीकडे, चालवणाऱ्याला मान न वळवता दिसतील अशी. डॅशबोर्ड कापायला अब्बांनी नकार दिला. म्हणाले, उद्या हिला कोणी मूळ रूपात ठेवायची म्हटली तर चार स्क्रू काढले की झाले. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला एक भोक, भोकात रबरी वॉशर, कारण पत्र्याची कड वायर आणि नळी दोन्ही कापते. वरच्या होज पाइपमध्ये एक धातूचा तुकडा घालून त्यात तापमानाची कांडी. दिव्यांची वायर पार्किंग लाइटवर, म्हणजे अंधारात तबकड्या आपोआप उजळतात. अर्थची वायर रंग खरवडून कोऱ्या पत्र्यावर.

एका जागी काम अडले. इंजिन सुरू केले तर ऑइलचा काटा शून्यावर. पोटात गोळा आला. मिस्त्री मात्र शांत. त्यांच्या हाताखालच्या पोराने गळती नको म्हणून सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप भरपूर गुंडाळली होती. या सेन्सरचा अर्थ त्या आट्यांतूनच इंजिनाला मिळतो. टेपने तोच अडवला. टेप काढून दोन पातळ फेरे दिले, काटा उठला. तीन हजार फेऱ्यांवर कुठे असायला हवा, थंड असताना कुठे, गरम असताना किती उतरतो, हे अब्बांनी वहीत लिहून घेतले. "आकडा चांगला की वाईट ते नंतर," ते म्हणाले, "आधी रोजचा आकडा कोणता ते माहीत पाहिजे."

ही वही आता गाडीतच असते. तापमान भोस्त्याच्या पायथ्याशी ८५, माथ्यावर ९३, लोट्याच्या सपाटीवर पुन्हा ८६. पावसात दोन अंश कमी. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते म्हणून आतले पाणी शंभरला उकळत नाही, बरेच वर जाते. पण आपण शंभरलाच सावध व्हायचे, असे घरात ठरले आहे. एक गोष्ट मिस्त्रींनी बजावली होती आणि ती इथेही लिहितो. नवी कांडीही पाण्यातच बुडालेली असावी लागते. पाणीच गेले तर तीही खोटे बोलेल. म्हणून निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पातळी बघणे सुटत नाही, आणि चढावर काटा अचानक खाली आला तर खूश न होता थांबायचे.

अब्बांना एक सवय लागली. इस्पितळात अम्मींच्या यंत्रावरही आकडे असतात. रक्ताच्या परतीचा दाब, द्रावणाचे तापमान, किती पाणी काढले. पूर्वी ते बाहेर बाकावर तसबीह घेऊन बसत. आता आत बसून त्या पडद्याकडे पाहतात. तिथल्या मुलीने त्यांना कुठला आकडा कशाचा ते सांगितले आहे. अम्मी वैतागतात. "मी काय मारुती आहे?" म्हणतात. अब्बा उत्तर देत नाहीत, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी लिहितात.

गेल्या ऑक्टोबरात, मंगळवारी, पहाटे सहाच्या सुमारास भोस्ते घाटात एक कंटेनर आडवा झाला होता. रांग लागली. काटा ९३ वर, मग ९६, मग ९९. अम्मी पुढे, अब्बा मागे. मागून आवाज आला, "किती?" आम्ही सांगितले, एकशे दोन. कंपनीचा काटा तेव्हाही मधोमध होता. अब्बा म्हणाले, "हीटर पूर्ण चालू करा, काचा उघडा, आणि कडेला घ्या." हीटर म्हणजे केबिनमधला छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर टाकतो. गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले. वाफ नव्हती, गळती नव्हती. व्होल्टमीटर चौदावर, म्हणजे वीज होती. ऑइल जागेवर. पंखा मात्र स्थिर. फ्यूज उडाला होता. डब्यात जादा फ्यूज होता, तो बसवला, पंखा घुंऽऽ करून फिरू लागला. काटा १०४ वरून उतरायला लागला तो आम्ही तिघे बॉनेटशी वाकून पाहत होतो आणि अम्मी सीटवरून मोठ्याने आकडे वाचून सांगत होत्या: एकशे एक, शंभर, अठ्ठ्याण्णव.

ब्याण्णववर अब्बांनी बॉनेट लावले. इस्पितळात पोहोचायला वीस मिनिटे उशीर झाला. खाट राखून ठेवली होती.